पकड

सोहार. दुपारचे अडीच.
बाहेर बेचाळीस अंश, आत एसीचा बारका खोकला.
बशीर उंड्रे, वय एकावन्न, बंदरावर परांचीवाला,
मूळचा म्हसळ्याकडचा.
त्याच्या जठराचा कणीएवढा तुकडा
माझ्या भिंगाखाली निळा होऊन पडलाय.

सकाळी विचारत होता, हे इथल्या पाण्याचं ना?
कॅम्पातल्या मेसचं?
आमच्याकडची विहीर गोड, तिथलं नसणार.
मी म्हटलं, बघू.

बघितलं. आहेत.
पिळलेल्या दोऱ्यासारखे, एका टोकाला शेपट्यांचा झुबका,
खळग्यांच्या तोंडाशी दाटीवाटीने.

आम्लाच्या तळ्यात हे राहतात कसे?
राहत नाहीतच, पळतात.
भोवती अमोनियाचा एवढासा ढग धरायचा,
भर उन्हात परांचीवाले तोंडाला ओला पंचा बांधतात तसा,
आणि चिकट थरात घुसून
भिंत गाठायची.

भिंतीला हात कुठे लावायचा, हा खरा प्रश्न.
पेशींच्या अंगावर साखरेचे बारीक तुरे असतात,
रक्तगटाच्या खुणा त्यातच.
बशीरचा गट ओ.
जंतूच्या बोटांना ती साखर कळते,
सूकच्या गर्दीत मागून आलेली गावाकडची शिवी
कळावी तशी.
माणूस वळतो, आणि दंड धरतो.

मला वाटायचं, एकदा धरलं की धरलं.
अठरा वर्षं काचपट्ट्या बघून मग कळलं, तसं नाही.
भिंत सारखी कात टाकते.
वरचा थर सुटून आम्लाकडे निघतो,
धरून बसलेला त्याच्याबरोबर वाहत जातो.
आम्ल चढलं की बोटं आपोआप ढिली होतात,
तो सुटतो, सुटतो म्हणून वाचतो,
वळून पोहत खाली येतो
आणि पुन्हा धरतो, तीच भिंत, नवी पेशी.

बशीरचा व्हिसा चौदा वेळा नवा झालाय.
हे मी रिपोर्टात लिहीत नाही.

आणखी एक आहे.
बसल्या जागी सूज येते,
सुजलेली भिंत वेगळीच साखर बाहेर काढते.
त्या साखरेसाठी ह्यांच्याकडे दुसरी बोटं असतात.
म्हणजे जखम करायची,
आणि मग जखमेलाच धरायचं.

डॉक्टर झुवैना मला बोलावतात,
मराठीत सांगायला दुसरं कोणी नाही.
मी सांगते: बशीरभाई, मेसचा दोष नाही.
हे बहुतेक लहानपणीच लागतं,
पाच वर्षांच्या आत,
एका ताटातून, कुणी चावून मऊ केलेल्या घासातून.

तो खुर्चीच्या कडेला बसलेला.
तळहातांना पाइपांचे घट्टे.
शहाण्णव साली मस्कतला उतरला तेव्हा
अधिकाऱ्यानं बॅग उघडली,
सुके बोंबील बाहेर काढून ठेवले,
हे मात्र त्याच्या नजरेतून सुटलं.

"घास आईच भरवायची," तो म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
तिच्या मयताला त्याला रजा मिळाली नव्हती,
हे मला त्याच्या मुकादमाकडून कळलेलं.

"मग औषध घ्यायलाच पाहिजे का?"

घ्यायलाच पाहिजे.
चौदा दिवस, चार गोळ्या, जीभ काळी पडेल, घाबरू नका.
मग महिन्याने या,
एका पिशवीत फुंक मारायची,
आत कोणी उरलंय का ते त्या हवेवरून समजतं.

तो उठला, दाराची मूठ धरली,
धरून जरा थांबला,
आणि विचारलं, "मॅडम, तुमचं तपासलंत?"

मी काचपट्टी डब्यात ठेवली, वर नंबर घातला.
माझाही गट ओ.
नाही तपासलं.